धरण लहान कसे ठेवावे

इंदूरहून महू-सिमरोळकडे जमीन घेतलीत, नाल्यावर मातीचा बांध घातलात, तळं भरलं. छान केलंत! रविवारी पोहे-जिलेबी बांधून पाहुणे येतात, पोरं बदकं बघतात. आता एकच पथ्य पाळा: हे धरण कागदावर मोठं होऊ देऊ नका.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरपेक्षा उंच धरण सरळ येतं. १० ते १५ मीटरमधलं येतं ते काही अटींवर, म्हणजे लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर असला तर. (आणखी अटी आहेत, पण त्या वाचून उगाच झोप घालवू नका.) तेव्हा सगळा खेळ टेप कुठे धरता याचा. कायदा पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून माथ्यापर्यंत मोजायला सांगतो. तुम्ही गवत सुरू होतं तिथून मोजा. पाया उकरून बघायला कोण येतंय? साडेनऊ मीटर भरले की टेप गुंडाळा.

सांडव्याला बारीक जाळी हवीच, मासे महाग असतात. पहिल्या मोठ्या पावसात जाळीत पालापाचोळा अडकतो, सांडवा तुंबतो आणि पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागतं. मातीचा बांध हे सोसत नाही. ११ ऑगस्ट १९७९ ला मोरबीच्या वरचं मच्छू-२ असंच माथ्यावरून पाणी जाऊन फुटलं. पण ते मोठं धरण होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये शेजारच्या धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या मातीच्या धरणाला गळती लागली, खालची गावं रिकामी करून बाजूने चर खणून पाणी सोडावं लागलं. तेही मोठंच, शिवाय सरकारी. तुमचं तर घरचं आहे.

पायथ्याशी ओल दिसली तर तिथे अळू लावा. फदफद्याची सोय होते आणि ओल बागेत जमा होते. कोणी जाणता म्हणेल, झिरपणारं पाणी पातेल्यात धरून बघा. नितळ असेल तर नुसती नजर ठेवा, गढूळ असेल तर पाणी बांधातली माती घेऊन निघालंय. म्हणून तिकडे पातेलं नेऊच नका. मे महिन्यात माळव्याच्या काळ्या मातीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यावर वरवर सिमेंट थापा. फोटोत उत्तम दिसतं.

राहिलं धोक्याचं वर्गीकरण. इथे बहुतेक मालक फसतात. त्यांना वाटतं, बांध धडधाकट म्हणजे वर्ग खालचा. तसं नाही हो! हा वर्ग बांधाची तब्येत बघून ठरत नाही, बांध फुटला तर खाली कोण सापडेल यावर ठरतो. आज खाली सोयाबीन आहे, म्हणजे धोका कमी. उद्या तिथे चाळीस घरं झाली तर बांधाचा खडाही न हलता तो वरच्या वर्गात जातो. म्हणून आधी सोयाबीनचा दाखला घ्या, फाइलला लावा, मग प्लॉट पाडा. क्रम चुकवू नका.

प्लॉटचं नाव इंग्रजीत ठेवा, ‘लेक व्ह्यू’ चालेल. खालून तळं दिसत नाही, नुसता बांध दिसतो. गिऱ्हाइकाने विचारलंच तर सांगा, दुसरा मजला चढवा, मग दिसेल.