स्टिअरिंग सरकत नाही म्हणजे मोटर जळली, असं नाही

म्हापसा-फोंड्याकडे एक मेसेज फिरतोय: 'बटण दाबून गाडीचं स्टिअरिंग वरखाली होत नसेल तर ते हलवणारी मोटर जळली, अख्खा कॉलम (स्टिअरिंगचा दांडा आणि त्याची जोडणी) बदला.' हे चूक आहे, आणि त्यात लोकांचे पैसे नाहक जातात.

आधी फ्यूज बघा. मग मोटरच्या दोन्ही वायरींवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) धरून कुणाला तरी बटण दाबायला सांगा. १२ व्होल्टच्या आसपास येऊनही मोटर गप्प असेल, तरच तिच्यावर संशय घ्या. स्टिअरिंग वर जातं पण खाली येत नाही? मग मोटर बहुतेक शाबूत. वर-खाली दोन्हीकडे तीच मोटर नेते; प्लस-मायनस उलटले की ती उलटी फिरते, म्हणून दोष स्विच, वायर किंवा मॉड्यूलमध्ये (मोटरला हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) शोधा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत अर्थिंगच्या (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या मायनस वायरीच्या) टर्मिनलवर हिरवट थर चढतो, तोही बघाच.

पिवळ्या कनेक्टरला मात्र हात लावू नका. ती एअरबॅगची लाइन.