जिंबल की पिकाव्हे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उंचावरून फोटो काढण्यासाठी पतंगाच्या दोरीला कॅमेरा टांगण्याच्या घरगुती सांगाड्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, पिकाव्हे, म्हणजे कॅमेरा आडवा ठेवणारी दोऱ्या-पुल्यांची टांगणी, हा शंभर वर्षांपूर्वीचा खटाटोप, त्यात दोऱ्याही गुंततात. छोटा जिंबल, म्हणजे मोटरने कॅमेरा स्थिर धरणारं यंत्र, लावला की काम भागतं. दोन, दोरी तुटली तर कॅमेरा कुणाच्या तरी डोक्यात पडेल, तेव्हा हे कुणाला शिकवूच नये.

पिकाव्हे जुना आहेच, १९१२ च्या सुमाराचा. पण तो टिकला तो त्याच्या कामामुळे. अधिकच्या चिन्हासारखा एक क्रॉस, चारही टोकांना पुल्या किंवा गुळगुळीत कड्या, पतंगाच्या दोरीवर थोड्या अंतराने दोन आधार आणि या सगळ्यांतून फिरणारी एकच अखंड दोरी. पतंग चढला-उतरला, मुख्य दोरीचा कोन ४० अंशांचा ६० झाला, तरी ही दोरी पुल्यांतून सरकते आणि क्रॉस आडवाच राहतो. झोका बसला तरी घर्षणात लवकर विरतो. क्रॉस फार लहान केला तर मात्र तो गरागरा फिरतो. गुंत्याची तुमची तक्रार रास्त आहे. खाली उतरवल्याबरोबर दोरी क्रॉसच्या टोकांभोवतीच गुंडाळली, की तो प्रश्न बहुतेक सुटतो.

आता हलण्याचा हिशेब करू. टांगलेला कॅमेरा म्हणजे एक लंबकच. ६० सेंटिमीटर लांबीचा लंबक साधारण दीड सेकंदात एक झोका पुरा करतो. तो दोन्ही बाजूंना ५ अंश हलत असेल, तर मधोमध त्याचा वेग सेकंदाला सुमारे २० अंश होतो. ६० अंशांचं दृश्य ४००० पिक्सेलमध्ये मावणाऱ्या कॅमेऱ्यात शटर १/२५० सेकंद उघडं राहिलं तर चित्र पाचेक पिक्सेल फरफटतं. १/१००० ला जेमतेम एक-दीड. म्हणजे स्थिर फोटोसाठी अर्धी लढाई शटरच जिंकतो आणि उरलेली पिकाव्हे. तिथे जिंबल म्हणजे जादा वजन, जादा बॅटरी, आणि मंद वाऱ्याच्या दिवशी ते वजनच पतंगाला नको असतं. व्हिडिओसाठी जिंबल जरूर लावा, पण पिकाव्हेच्या खाली.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. धोका खरा आहे, आणि म्हणूनच हे नीट शिकवायला हवं असं माझं ठाम मत आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. सकाळी भरपूर मजबूत वाटलेली दोरी दुपारी अपुरी पडते ती यामुळे. गाठीशी दोरीची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते, तेव्हा हिशेब गाठीचा करायचा, पाकिटावरच्या आकड्याचा नाही. काचेचा मांजा इथे पूर्ण वर्ज्य. विणलेली पॉलिस्टरची दोरी घ्यावी, हातमोजे घालावेत.

आणि कॅमेरा पतंगाला बांधायचाच नाही. पतंगावरून फोटो काढण्याची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक, आर्त्यूर बात्यू, याने १८८८ मध्ये फ्रान्समध्ये तो थेट पतंगावरच बसवला होता, त्यामुळे पतंगाची प्रत्येक थरथर कॅमेऱ्याला लागायची. आपण आधी नुसता पतंग उडवतो. जमिनीजवळचा वाऱ्याचा खवळलेला थर ओलांडून तो शांत उभा राहिला, गोते खात नाही याची खात्री पटली, की वीसतीस मीटर दोरी सोडून मगच सांगाडा अडकवतो. पतंग नीट उभा नसेल तर त्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहतो. माणसांच्या डोक्यावर, विजेच्या तारांजवळ, विमानतळाच्या आसपास किंवा ढग गडगडत असताना उडवायचं नाही, यात तडजोड नाही.

वारा अचानक वाढलाच तर दोरी हाताने ओढत बसू नका. खालचं टोक पक्कं बांधा, दोरीवर एक पुली अडकवा आणि ती खाली दाबत पतंगाच्या दिशेने चालत जा. पतंग उतरत येतो, सांगाडा हाताशी येतो. आधी तो काढून घ्या, मग दोरी गुंडाळा.