पिटमध्ये पडलेल्याला आधी उचलतात: पंकच्या ‘पाच नियमां’ना उत्तर

पंक या धसमुसळ्या रॉक संगीताबद्दलचं ‘पंकचे पाच नियम’ नावाचं एक टिपण सध्या जिकडेतिकडे फिरतंय. भाचीने ते मला पाठवलं आणि खाली एवढंच लिहिलं: "मावशी, हे खरं आहे का गं? शनिवारी शोला जातेय." म्हणून हे लिहायला बसले. टिपणातले नियम थोडक्यात असे: गिटारवर तीन कॉर्ड्स (एकत्र छेडायचे स्वरगट) आल्या की पुरे, सराव नको. अँपचे, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राचे, सगळे नॉब शेवटपर्यंत फिरवा. व्हिडिओ मुद्दाम वाईट काढा, कॅमेरा हलवत राहा. पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर लोक एकमेकांना धडकत नाचतात त्या जागेत, कोपरं चालवा आणि पडलेल्याला उचलू नका, ‘पडला तो संपला’. आणि शेवटचं, पंक हे मुळात नाझी लोकांचं संगीत.

चौथ्यापासून सुरू करते. बाकीच्या नियमांनी फार तर गाणं बिघडेल, याने हाडं मोडतील.

खरा नियम नेमका उलटा आहे: कुणी पडलं की आधी त्याला उचलायचं, नाचायचं नंतर. कसं उचलायचं हेही ठरलेलं आहे. दोघांनी मागून काखेत हात घालून उभं करायचं. मनगट धरून ओढायचं नाही, कारण घामाने हात सटकतो, नाहीतर खांदा निखळतो. तिसऱ्याने गर्दीकडे पाठ करून, हात पसरून आडवं उभं राहायचं. मग पुढचा धक्का त्याच्या पाठीवर येतो, पडलेल्याच्या अंगावर नाही. पडलेला माणूस हलत नसेल किंवा मान दुखतेय म्हणत असेल, तर मात्र त्याला जागचं हलवायचं नाही. भोवती कडं करायचं, हात वर करून बँडला थांबवायचं आणि प्रथमोपचारवाल्यांना वाट द्यायची. कुणाचा चष्मा किंवा बूट सापडला तर तो डोक्यावर उंच धरायचा, ज्याचा असेल तो येऊन घेतो.

कोपरांचंही तसंच. ती बरगड्यांना चिकटलेली हवीत आणि तळवे छातीसमोर उघडे. तळव्याने ढकललं की समोरचा दूर जातो, कोपर लागलं की त्याचा दात जातो. कडेला उभे असलेले लोक बघे नसतात. आतून भेलकांडत आलेल्याला तळव्यांवर झेलून परत आत सोडायचं काम त्यांचं असतं. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: चारी बाजूंनी दाब येतोय आणि हात वर काढता येत नाहीत, तर तो पिट नाही, ती चेंगराचेंगरी आहे. त्यात माणसं उभ्या उभ्या गुदमरतात, कारण छाती फुलायला जागाच उरत नाही. हात मुठी वळून छातीसमोर घ्यायचे आणि दाब जरा सैल झाला की दर वेळी थोडं थोडं तिरकं कडेकडे सरकायचं. समोरून रेटायचं नाही.

अर्धं खरं आहे ते मान्य करते, नाइलाजाने. 1980 च्या सुमाराला दक्षिण कॅलिफोर्नियाच्या हार्डकोर (पंकचा आणखी वेगवान प्रकार) शोमध्ये खरोखर हाणामारी होत असे, आणि त्या धसमुसळेपणाने मुली मागच्या भिंतीपर्यंत ढकलल्या गेल्या. पण त्यावर उत्तर पंकनेच दिलं. वॉशिंग्टनच्या फुगाझी बँडचा इयन मकाय गाणं मध्येच थांबवून दांडगाई करणाऱ्याला तिकिटाचे पाच डॉलर परत द्यायचा आणि बाहेर काढायचा. बिकिनी किल बँडची कॅथलीन हॅना मुलींना पुढे बोलावून घ्यायची. ‘पडला तो संपला’ लिहिणाऱ्याने हे वाचलेलं दिसत नाही.

आता तीन कॉर्ड्स. हे येतं जानेवारी 1977 मधल्या ‘साइडबर्न्स’ या इंग्लिश फॅनझिनमधल्या (चाहत्यांनी स्वतः काढलेल्या मासिकातल्या) चित्रातून. त्यात ए, ई आणि जी या कॉर्ड्स काढून, आता बँड काढा, असं म्हटलं होतं. सराव करू नका, असं त्यात कुठेही नाही. परवानगी कुणाला मागायची नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

पुरावा हवा असेल तर बझकॉक्स बँडच्या ‘स्पायरल स्क्रॅच’ या रेकॉर्डचं वेष्टन बघा. उधारीच्या 500 पौंडांत, 28 डिसेंबर 1976 ला मँचेस्टरमध्ये चार गाणी रेकॉर्ड झाली. कुठलं गाणं कितव्या टेकला (सलग वाजवायच्या प्रयत्नाला) झालं, नंतर वरून गिटार भरली की नाही, हे त्यांनी वेष्टनावरच छापलं. तीन गाणी पहिल्या टेकमध्ये, एक तिसऱ्या. स्टुडिओचे तास मोजून मिळत असताना पहिल्या टेकमध्ये गाणं उतरतं ते चौघांना ते तोंडपाठ असतं म्हणून.

आणि हात? रमोन्स बँडच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं ‘ब्लिट्झक्रिग बॉप’ मिनिटाला साधारण 176 ठोक्यांचं आहे. गिटारवाला जॉनी रमोन त्यात प्रत्येक ठोक्याला दोन स्ट्रोक मारतो, सगळे वरून खाली. म्हणजे सेकंदाला जवळपास सहा. नवखा माणूस हे कोपरापासून मारतो आणि मिनिटाभरात त्याचा हात दगड होतो. हालचाल मनगटातून हवी, पिकचं (तार छेडायच्या चकतीचं) फक्त टोक तारेखाली जायला हवं. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) 120 वर लावा, गाणंभर हात सैल राहिला तरच 5 ने वाढवा. त्या अल्बमवर गिटार एका कानात आणि बास दुसऱ्या कानात आहे. गिटारच्या बाजूचा इअरफोन काढला की गिटार गायब होते आणि ती जागा तुम्ही भरायची. यापेक्षा चांगला शिक्षक मला माहीत नाही.

नॉबचं थोडक्यात सांगते. गेन (आवाज फाटायला लावणारा नॉब) पूर्ण उघडला की सगळे स्ट्रोक एकाच उंचीचे होतात, तार छेडल्याचा ‘टक्’ जातो आणि उरते नुसती भणभण. गेन निम्म्याच्या आसपास ठेवा, मिड (मधल्या स्वरांचा नॉब) कमी करू नका. आवाज हवा असेल तर व्हॉल्यूम वाढवा. नऊच्या (0.009 इंच जाडीच्या) बारीक तारा जोरात मारल्या की क्षणभर चढ्या बोलतात. दहाच्या लावा, आणि ट्यूनिंग प्रत्येक गाण्याआधी.

व्हिडिओ मुद्दाम वाईट काढत, हेही खोटं. 1977 मध्ये लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये चित्रपटकार डॉन लेट्स सुपर 8 या छोट्या घरगुती फिल्मवर चित्रण करत होता. त्या फिल्मचं एक कार्ट्रिज 50 फुटांचं, सेकंदाला 24 चौकटींनी अडीच मिनिटांत संपतं. साध्या कॅमेऱ्याची मोटर अगदी एकसारख्या वेगाने चालत नाही, म्हणून वेगळ्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाशी ओठ लवकरच जुळेनासे होतात. त्यावर उपाय एकच: तुकडे छोटे ठेवायचे आणि ड्रमच्या ठोक्यावर कापायचे. अंधाऱ्या हॉलमध्ये जलद (कमी उजेडात चालणारी) फिल्म वापरावी लागते, म्हणून ते दाणे दिसतात. डिसेंबर 1979 मध्ये त्यानेच थेम्सकाठी क्लॅश बँडच्या ‘लंडन कॉलिंग’चा व्हिडिओ काढला. कॅमेरा नावेत होता. भरतीओहोटीचा हिशेब चुकला, नाव धक्क्यापासून सरकत राहिली, जमवाजमव होईपर्यंत रात्र झाली आणि पाऊस आला. तो भिजलेला काळोख कुणी ठरवून आणलेला नाही. आज कॅमेरा स्थिर ठेवून नंतर हादरे देणारे लगेच पकडले जातात: हात खरा हलला तर चौकट त्या दिशेने पुसट होते, खोट्या हादऱ्यात स्वच्छ चौकटच इकडेतिकडे उडते.

नाझींबद्दल: 1976 च्या सुमाराला काहींनी लोकांना चिडवायला स्वस्तिक अंगावर मिरवलं. ते मूर्खपणाचं होतं आणि घातकही. पण 30 एप्रिल 1978 ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वंशवादाविरुद्धच्या सभेत क्लॅश आणि एक्स-रे स्पेक्स हे पंक बँड वाजवत होते, रेगेवाल्या स्टील पल्सच्या बरोबरीने.

तर भाचे, शनिवारी बुटाच्या नाड्यांना दुहेरी गाठ मार, चष्म्याला दोरी लाव, पाठीवरची बॅग आणि काट्यांचा पट्टा घरी ठेव. इअरप्लग हॉलमध्ये शिरण्याआधीच घाल: 100 डेसिबलला कानांची दिवसभराची मर्यादा 15 मिनिटांची आहे, आणि पहिला बँडच अर्धा तास वाजवतो.