नियमगिरीचं नाव घेताय, तर २०१० पण सांगा

खाणींचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरतो. आशय असा: "नियमगिरीत बारा खेड्यांनी हात वर केले आणि हजारो कोटींचा प्रकल्प बुडाला. खनिज देशाचं, मग आदिवासींना विचारायचं कशाला? विचारत बसलं तर एकही खाण निघायची नाही."

प्रकल्प बारा खेड्यांनी बुडवला? ओडिशातल्या या डोंगरावरच्या बॉक्साइट (अॅल्युमिनियमच्या खनिजाच्या) खाणीला अंतिम वनमंजुरी नाकारली ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने, ऑगस्ट २०१० मध्ये. तेव्हा ग्रामसभांचं मत कुणी घेतलंच नव्हतं. जंगलावरचे आदिवासींचे हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा धाब्यावर बसवल्याचं मंत्रालयानेच नेमलेल्या सक्सेना समितीने दाखवून दिलं होतं. त्या नकाराविरुद्ध ओडिशा मायनिंग कॉर्पोरेशन, म्हणजे राज्य सरकारचीच कंपनी, सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ एप्रिल २०१३ ला न्यायालयाने सांगितलं की नियमराजाच्या, म्हणजे या डोंगराच्या देवाच्या, पूजेसकट सगळ्या हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा आणि मग मंत्रालयाने अंतिम निर्णय घ्यावा. थोडक्यात, ग्रामसभांमुळे खाणवाल्यांना दुसरी संधी मिळाली.

आणि बाराच खेडी का? डोंगरावर आणि पायथ्याशी शंभराहून जास्त वस्त्या आहेत. त्यांतली बारा राज्य सरकारने निवडली. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाला हा आकडा मान्य नव्हता. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या निरीक्षकासमोर सभा झाल्या. बाराच्या बारा ठिकाणी नकार. पेपर आपणच काढायचा, परीक्षार्थीही आपणच निवडायचे आणि निकाल लागल्यावर परीक्षाच चुकीची म्हणायची, असा हा प्रकार! जानेवारी २०१४ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने पुन्हा नकार कळवला.

पैशांचं म्हणाल, तर याच खाणीच्या बॉक्साइटवर भिस्त ठेवलेला वेदांता कंपनीचा डोंगराच्या पायथ्याचा लांजीगढचा अॅल्युमिना कारखाना २००७ मध्येच सुरू झाला. वर डोंगरावर खाणीला अंतिम मंजुरी नव्हती, खाली कारखाना उभा. ही जोखीम डोंगरिया कोंधांनी, म्हणजे या डोंगरावरच्या आदिवासींनी, घ्यायला लावली नव्हती. बॉक्साइट मिळेना म्हणून डिसेंबर २०१२ पासून काही महिने तो बंद पडला, हे खरं आहे. पण बाहेरून बॉक्साइट आणून तो पुन्हा सुरू झाला, पुढे वाढवलाही गेला. बुडाला म्हणणाऱ्यांनी हे पाहिलेलं दिसत नाही.

खनिज देशाचं, हे वाक्य आपण फार सहज बोलतो. जमिनीखालचं सगळं खनिज आपोआप सरकारचं ठरवणारा कायदा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेच जुलै २०१३ मध्ये केरळच्या एका खटल्यात म्हटलं आहे. शिवाय खनिज कुणाचंही असो, वरच्या जंगलावरचे हक्क त्याने पुसले जात नाहीत.

राहिली एकही खाण न निघण्याची भीती. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत १९७६ च्या कायद्याने आदिवासी जमीनमालक खनिजशोधालाच नकार देऊ शकतात. तरी तिथे खाणी चालतात. आपल्याकडे तर उलटीच तऱ्हा. गडचिरोलीत सुरजागडच्या परिसरातल्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, ठाकूरदेवाचा डोंगर म्हणून सांगितलं, तरी लोहखनिजाचे ट्रक धावतातच. आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीचा १९९६ चा पेसा कायदा भूसंपादनाआधी फक्त सल्लामसलत मागतो. वनजमिनीसाठी ग्रामसभेची संमती २००९ च्या परिपत्रकाने आवश्यक केली होती. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राला आधी मंजुरी देण्याची मोकळीक दिली आणि वनहक्कांची पूर्तता पाहण्याचं काम नंतर राज्यावर सोपवलं. अनुसूचित जमाती आयोगाने त्यावर आक्षेपही घेतला. त्याचा मेसेज मात्र मला अजून कुणी पाठवलेला नाही.