रात्री किती जण जागे असतात?

आईवडिलांसाठी केअर सेंटर बघायला माणसं जातात ती आधी फोन करून, सकाळी अकराच्या सुमारास. त्या वेळी फरशी नुकतीच पुसलेली असते. आजी-आजोबा आंघोळ उरकून, पावडर लावून व्हरांड्यात बसलेले असतात, भिंतीवर गेल्या दिवाळीचे फोटो असतात. मॅनेजर आठवड्याचा मेनू दाखवतात, योगाची वेळ सांगतात, बागेतून एक फेरी होते. बाहेर पडताना भावंडं एकमेकांना म्हणतात, "जागा छान आहे." जागा छान असेलही. पण ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही त्याला बागेचं काय? त्याला माणसांचे हात लागतात. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: रात्री आठ ते सकाळी आठ किती जण जागे असतात?

'जागे' हा शब्द मुद्दाम वापरलाय. 'स्टाफ किती?' असं विचारलंत तर उत्तर येतं, "पंधरा-सोळा जण आहेत." त्यात स्वयंपाकी, सफाईवाली, ड्रायव्हर आणि ऑफिसातली मुलगी धरलेली असते. शिवाय तिथेच राहणारे 'चोवीस तासवाले' असतात. गावाकडून आलेली मावशी सकाळी सहाला उठून दिवसभर काम करते आणि रात्री त्याच वॉर्डात कोपऱ्यात गादी टाकून झोपते. हजेरीत ती दिवसालाही असते आणि रात्रीलाही. ती झोपते यात तिचा काहीच दोष नाही, माणूस झोपणारच. दोष एका माणसाला दोनदा मोजणाऱ्याचा.

आता हिशोब. समजा तीस खाटा आहेत आणि त्यातले बारा जण पूर्ण अंथरुणावर. त्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची, म्हणजे रात्रीच्या बारा तासांत प्रत्येकी सहा वेळा. एकूण ७२ वेळा. नीट वळवायचं, पाठीमागे उशी लावायची, चादरीची सुरकुती काढायची, तर पाच मिनिटं जातात आणि दोन माणसं लागतात. ७२ गुणिले ५ म्हणजे ३६० मिनिटं, दोघांची मिळून बारा तास. डायपरवाले अठरा धरा, रात्रीतून प्रत्येकी दोन बदल, दर बदलाला दहा मिनिटं. हे आणखी सहा तास. झाले अठरा तास. एका माणसाच्या रात्रीत तास असतात बारा. दोघं असतील तर चोवीस, त्यातून जेवण-चहाचा एकेक तास काढला की बावीस. उरलेल्या चार तासांत कुणाला संडासला न्यायचं, कुणी पडलं तर उचलायचं, कुणाला उलटी झाली तर आवरायचं. म्हणजे दोघांत कसंबसं निभतं आणि तिघांत नीट होतं. एकटा माणूस असेल तर कूस बदलली जात नाही, कागदावर टिक होते. तो कितीही मायाळू असला तरी.

तो कागद नक्की बघा. पलंगाच्या पायथ्याशी क्लिपबोर्डला टर्निंग चार्ट लावलेला असतो: डावी, पाठ, उजवी. घड्याळात सव्वातीन वाजलेत आणि चार्टवर चार आणि सहाच्या रकान्यातही टिक झालेली आहे, असं दिसलं तर पुढचं काही विचारायची गरज नाही. अख्खा दिवस एकाच पेनाने, एकाच दमात भरलेला असेल, बीपी सकाळ-संध्याकाळ महिनाभर १२०/८० असेल, तरी तेच समजा. चार्टवर 'डावी' लिहिलंय आणि आजोबा उताणे झोपलेत, हे तर तुम्ही उभ्या उभ्या ताडून बघू शकता.

दिवसाचं गणित तुलनेने सोपं. आमच्या मते अंथरुणावरचे रुग्ण बरेच असतील तर दिवसा पाच जणांमागे एक अटेंडंट हवा. तीस खाटांना सहा. पण ड्यूटीवर सहा हवेत म्हणजे पगारावर सहा असून भागत नाही. आठवड्याच्या ४२ पाळ्या, एक माणूस सहा करणार, म्हणजे सात जण, आणि गणपती-दिवाळीच्या रजा धरल्या तर आठ. रात्री तीन हवेत तर चार. शिवाय दिवसा एक आणि रात्री एक नर्स, त्यासाठी तिघी. 'बदली कोण येतं?' हा प्रश्न विचाराच. "ब्युरोतून मागवतो" असं उत्तर आलं तर पुढे विचारा, आजोबांना गिळायला त्रास होतो हे त्या नव्या माणसाला कोण सांगतं, आणि कुठे लिहिलेलं असतं.

नर्स म्हणजे कोण, हेही स्पष्ट करून घ्या. आपल्याकडे पांढरा एप्रन घातला की सगळ्या 'सिस्टर'. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन, बीएस्सी नर्सिंगचा चार, आणि नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. सहा महिन्यांचा कोर्स केलेली किंवा काम करत करत शिकलेली मावशी आंघोळ घालण्यात, भरवण्यात, माया करण्यात कितीतरी सिस्टर्सपेक्षा सरस असू शकते. पण इन्सुलिन, कॅथेटर (लघवीची नळी), अन्न द्यायची नाकातली नळी ही तिची कामं नव्हेत. नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागितल्यावर मॅनेजरचा चेहरा पडत असेल तर तेही एक उत्तरच.

आता बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने दाबाने होणारी जखम. केंद्रात माणसं पुरेशी आहेत की नाहीत ते सगळ्यात खरं कातडी सांगते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे आणि कानाची पाळी बघायची. लाल डाग दिसला तर अंगठ्याने काही सेकंद दाबून सोडा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर ती पहिली पायरी, आणि तिथून जखम व्हायला फार वेळ लागत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा हात लावून बघा: आजूबाजूपेक्षा तो भाग गरम, कडक किंवा पिचपिचीत लागतो. टाचांसाठी पोटरीखाली उशी अशी ठेवायची की टाच हवेत राहील. पाठीकडचा पलंग फार वर केला की माणूस हळूहळू खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी आतल्या आत ताणली जाते. म्हणून जेवणाची वेळ सोडली तर पाठ तीस अंशांच्या वर नको. (नळीतून फीड चालू असेल तर वेगळं, ते पुढे सांगतो.) वर ओढताना चादरीसकट दोघांनी उचलायचं, काखेत हात घालून फरफटवायचं नाही. आणि घरचे हौसेने रबरी रिंग आणून देतात, ती देऊ नका. रिंगच्या कडेवर दाब येऊन मधला रक्तपुरवठा उलट कमी होतो. लाल भाग तेल लावून चोळणंही बंद.

"आमच्याकडे एअर बेड आहे" या वाक्यावर फार विसंबू नका. पंप चालू आहे का बघा, नॉब रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावलाय का बघा. कुल्ल्यांच्या खाली, गादीच्या तळाशी तळहात सरकवा. हाताला सरळ हाड लागत असेल तर गादी बसलेली आहे, तिचा उपयोग शून्य. त्याच गादीवर रबरी शीट, त्यावर गोधडी, त्यावर दुहेरी चादर असा थर असेल तरी शून्यच. लाइट गेल्यावर पंप इन्व्हर्टरवर चालतो का, हेही विचारा. आणि एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते. ते यंत्र मदतनीस आहे, बदली माणूस नव्हे.

जेवणाच्या वेळी जा, मेनू वाचायला नको, भरवणं बघायला. स्ट्रोक किंवा पार्किन्सन्सच्या माणसाला एक वाटी मऊ भात भरवायला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. असे आठ जण असतील तर दोनशेहून अधिक मिनिटं. तीन माणसं हाताशी असली तरी शेवटच्या आजींपर्यंत ताट येतं ते तासाभराने, थंडगार. मग घाई होते: मोठा चमचा, मान मागे, पहिला घास गिळायच्या आत दुसरा. त्यातून अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. माणूस ताठ बसलेला, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास बसलेलाच, असं दिसलं पाहिजे. नाकातल्या नळीतून फीड असेल तर डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर, आणि संपल्यावरही काही वेळ तशीच. मग माकडहाडावर दाब येतोच, म्हणून फीडची वेळ आणि कूस बदलण्याची वेळ एकत्र बसवावी लागते. ते बसवायला डोकं असलेली नर्स लागते. नळी दर वेळी पाण्याने साफ करायची, गोळ्या एकत्र कुटून ढकलायच्या नाहीत. सावकाश विरघळणारी गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

जेवण पोटात जातंय का, याचं उत्तर वजनाच्या वहीत. महिन्याला वजन होतं का? पन्नास किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो उतरलं, म्हणजे पाच टक्के, तर डॉक्टरला सांगायलाच हवं. सहा महिन्यांत दहा टक्के म्हणजेही तेच. "उभं राहता येत नाही म्हणून वजन करत नाही" हे उत्तर चालत नाही. दंडाचा घेर मोजपट्टीने मोजता येतो.

कॅथेटरची पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीला, पण जमिनीला टेकलेली नको. व्हीलचेअरवर बसवताना ती मांडीवर ठेवलेली दिसली तर तिथे प्रशिक्षण नाही. इन्सुलिनच्या बाटलीवर उघडल्याची तारीख हवी, कारण बहुतेक बाटल्या उघडल्यावर २८ दिवसांच्या आत संपवायच्या असतात. मधुमेहाची गोळी दिली आणि जेवलेच नाहीत, तर साखर उतरून रात्री बेशुद्ध पडू शकतात. त्या वेळी काय करतात ते विचारा, आणि ग्लुकोमीटर कुठल्या कपाटात आहे ते प्रत्यक्ष दाखवायला सांगा.

एक प्रश्न लोक संकोचाने विचारत नाहीत: हात बांधता का? गॉजची पट्टी पलंगाच्या कठड्याला, 'नळी ओढतात म्हणून'. आणि जे बांधत नाहीत ते कधीकधी झोपेच्या गोळीने बांधतात. दुपारी चार वाजता अर्धे जण पेंगलेले, तोंड उघडं, जीभ कोरडी, असं दिसलं तर औषधांची यादी मागा. डिमेन्शियाचा माणूस रात्री फिरतो, ओरडतो. त्याला सांभाळायला माणूस नसला की गोळी वाढते. इथेही प्रश्न रात्रीच्या माणसांचाच.

पैशांचंही बोलू. समजा अटेंडंटला महिना अठरा हजार आणि नर्सला पंचवीस. वर मोजलेले बारा अटेंडंट आणि तीन नर्स मिळून झाले २ लाख ९१ हजार. तीस खाटांवर वाटले तर माणशी ९,७००, तेही सगळ्या खाटा भरलेल्या असतील तर. अजून भाडं, जेवण, धुणं, वीज, डॉक्टर, जनरेटरचं डिझेल यातलं काहीच धरलेलं नाही. तेव्हा 'अंथरुणावरचे पेशंट, सगळं मिळून बारा हजार' अशी जाहिरात दिसली, तर देणगीवर चालणारी संस्था आहे का ते विचारा. नसेल, तर काटछाट हातांत झालेली आहे. याचा अर्थ साठ हजार घेणाऱ्याकडे हात जास्त असतात असा नाही. तिथे कधीकधी फक्त सोफा जास्त मऊ असतो.

कायद्याचं थोडक्यात. नर्सिंग होम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाळंतपणाचा दवाखाना येतो. पण १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याच्या व्याख्येत आजारी, जखमी यांच्यासोबत दुर्बल माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा देणारी जागाही येते. त्यामुळे नळी, कॅथेटर, इंजेक्शनं चालू असलेल्या केंद्राला 'तुमची नोंदणी कुठली?' हे जरूर विचारा. धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्ट नोंदणी किंवा गुमास्ता (दुकानाचा परवाना) दाखवला, तर त्यावरून शुश्रूषेबद्दल काहीही कळत नाही.

अमेरिकेतली मुलं विचारतात, रेटिंग कुठे बघायचं? तिथे सरकारी संकेतस्थळावर नर्सिंग होम्सना एक ते पाच तारे असतात, २००८ पासून, आणि स्टाफचे तास थेट पगाराच्या नोंदींवरून घेतले जातात. आपल्याकडे तसं काही नाही, आणि गूगलवरचे तारे बहुधा अकरा वाजता जाऊन आलेल्यांचे. तिथे २०२४ मध्ये दर रहिवाशामागे दिवसाला स्टाफचे किमान ३.४८ तास असा नियम काढला होता, तो २०२५ मध्ये कोर्टात टिकला नाही. पण आपल्या तीस खाटांना तो लावून बघा, गंमत आहे. दिवसा सहा, रात्री एकच अटेंडंट, शिवाय दोन्ही पाळ्यांत एकेक नर्स: १०८ तास, माणशी ३.६. पास! सरासरीत रात्र दिसत नाही.

म्हणून दुसरी भेट न सांगता, रात्री साडेनऊला. आत सोडलं नाही तर "वेळ संपली" म्हणून सांगतील, तेही ठीक. मग अकरा वाजता फोन लावा. किती रिंगनंतर उचलतात, उचलणाऱ्याला तुमच्या आईचं नाव माहीत आहे का, आज संध्याकाळी किती जेवली हे सांगता येतं का. दाखल करण्याआधीची रंगीत तालीम म्हणून पंधरा दिवसांचा मुक्काम घेता येतो का ते विचारा, आणि डिपॉझिट परत मिळण्याची अट लेखी घ्या.

दाखल करायच्या दिवशी, कपडे बदलताना, नर्सच्या समोर अंग पूर्ण बघा. पाठ, माकडहाड, दोन्ही टाचा. जे आहे ते तारखेसह लिहून दोघांच्या सह्या. जखम हॉस्पिटलातून आली की इथे झाली, हा वाद पुढे सगळ्यात जास्त वेळा होतो, आणि तेव्हा हा एकच कागद कामी येतो. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र यांवर नाव घाला. कवळी हरवली की जेवण पातळ होतं आणि वजन उतरायला लागतं. पुढच्या प्रत्येक भेटीत गप्पा सुरू करण्याआधी पायमोजा काढून टाच बघा.