सहा आठवडे, ३४० पडदे

ज्यानं कोणी इंटर्नशिपला क्रेडिट लावून आमच्या अभ्यासक्रमात घुसवलं, त्याला मे महिन्याच्या दुपारी नागपूरच्या सुभाष नगर मेट्रो स्टेशनपासून आयटी पार्कपर्यंत पायी चालवा. एकदाच. पारा पंचेचाळीसला टेकलेला, डोक्याला दुपट्टा, पाठीवर लॅपटॉप. मी सहा आठवडे चाललो.

स्टायपेंड शून्य. शून्य कसला, उणे दोन हजार! 'ट्रेनिंग फी' आधी भरा, तरच शेवटी सर्टिफिकेट. म्हणजे राबायचंही मीच आणि पैसेही मीच द्यायचे. गॅरेजवाला शिकाऊ पोट्ट्याला निदान चहा तरी पाजतो बे. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये आली, महिन्याला ५००० रुपये, तेव्हा मी लगेच नियम वाचले. पूर्णवेळ शिकणाऱ्यांना चालत नव्हती. झालं.

काम काय, तर 'लाइव्ह प्रोजेक्ट'. इतवारीतल्या एका पडदेवाल्याची वेबसाइट. ३४० पडद्यांचे फोटो क्रॉप करायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या यादीतून भाव टाकायचे. पडदा, भाव, सेव्ह. पडदा, भाव, सेव्ह. मरून आणि चॉकलेटी यातला फरक मी आता झोपेत सांगू शकतो. वेबसाइट जिच्यावर चालते त्या जावास्क्रिप्ट भाषेची एक ओळ लिहिली नाही.

तिसऱ्या आठवड्यात हिंमत करून विचारलं, "सर, आपण गिट वापरत नाही का?" गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल आणि जुनी प्रत जपून ठेवणारं सॉफ्टवेअर.

"अरे, ते मोठ्या कंपन्यांत राहते. आपल्या इथं काम राहते."

गिट २००५ पासून आहे हो, आणि फुकट आहे! इथं सर्व्हरवर काय? इंडेक्स_फायनल, इंडेक्स_फायनल_न्यू, इंडेक्स_फायनल_न्यू_२, आणि एक इंडेक्स_डोन्ट_डिलीट. फाइलझिलातून (सर्व्हरवर फाइली चढवायचं सॉफ्टवेअर) फाइल ओढून थेट लाइव्ह साइटवर सोडायची, रिफ्रेश मारायचं आणि टेकडीच्या गणपतीचं नाव घ्यायचं.

मग व्हायचं तेच झालं. सीनियरनं जुनी फाइल वर चढवली आणि पेमेंटचं पान पांढरं फटक. पडदेवाल्याचा फोन आला. केबिनमधून आवाज, "कोणं हात लावला बे?" रोज माझ्या पैशानं तर्री पोहे हाणणाऱ्या त्या सीनियरनं मान वर न करता माझ्याकडे बोट दाखवलं. बॅकअप नाही. गिट असतं तर कोणी काय बदललं हे एका कमांडमध्ये दिसलं असतं आणि दुसऱ्या कमांडमध्ये जुनं पान परत आलं असतं. शेवटी ते वाचलं कशामुळे? शिकायला मिळावं म्हणून आदल्याच आठवड्यात मी सगळा फोल्डर गुपचूप माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतला होता, त्यामुळे. रात्री नऊपर्यंत बसून साइट उभी केली. शाबासकी काय मिळाली? "कंपनीचा कोड घरी काहून नेला?"

कॉलेजबद्दल तर बोलूच नका. तिथल्या लॅबमध्ये अजून निळ्या पडद्यावर टर्बो सी++ (पडदे काही माझा पिच्छा सोडत नाहीत). सी++ या भाषेचं पहिलं मानक १९९८ चं आणि आमचा हा टर्बो कंपायलर (कोड मशीनला समजेल असा करणारं सॉफ्टवेअर) त्याच्याही आधीचा. म्हणजे वर्गातल्या सगळ्यांपेक्षा वयानं मोठा, नमस्कारच करायला पाहिजे. मग आम्ही गिट शिकायचं कुठं? यूट्यूबवर, रात्री दीड वाजता, हॉस्टेलच्या रडक्या वायफायवर.

काल ते सर्टिफिकेट घेऊन गाइडकडे गेलो. त्यावर लिहिलंय 'फुल स्टॅक डेव्हलपमेंट', म्हणजे वेबसाइटचा पुढचा-मागचा सगळा कोड मीच लिहिला. मला वाटलं, आता विचारतील की काय केलंस, काय बिघडलं, कसं सुधारलंस. उत्तरं पाठ करून गेलो होतो. मॅडमनी कागद उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हा शिक्का चौकोनी आहे. गोल पाहिजे."

सरांना फोन लावला. गोल शिक्का सीएकडे आहे म्हणे, सोमवारी दुपारी ये.