राऊटरच्या भोकात पिन घालण्याआधी

"वायफाय जोडलेलं दिसतं पण लॅपटॉपवर नेट नाही? दुकानात पैसे घालवू नका, हे पाच उपाय करा!" असा एक मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. काल तो मावशीकडून आला आणि पाठोपाठ प्रश्न, "अरे, पिन किती वेळ दाबून धरायची?" मावशी, ती पिन आधी खाली ठेव.

उपाय पहिला: "राऊटरमागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबा, राऊटर फ्रेश होतो." फ्रेश कसला, कोरा होतो! ते फॅक्टरी रीसेटचं बटण आहे. वायफायचं नाव आणि पासवर्ड पुसले जातात, तेवढं एक वेळ परवडलं. मूळचे दोन्ही तळाच्या लेबलवर छापलेले असतात. खरा घोळ पुढे आहे. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांत राऊटरमध्ये कंपनीच्या नेटमध्ये लॉगिन करायचं (पीपीपीओईचं) युजरनेम, पासवर्ड आणि तिच्या जाळ्यातला आपला व्हीलॅन क्रमांक भरलेला असतो. जोडणी करायला आलेल्या मुलाने हे सगळं भरलं, तुम्हाला कधी दाखवलंही नाही. ते पुसलं गेलं की लॅपटॉप राहिला बाजूला, मोबाइल आणि टीव्हीचंही नेट बंद, आणि तो मुलगा परत येईपर्यंत बंदच. काही कंपन्यांचे राऊटर ही सेटिंग्ज लांबून आपोआप परत मिळवतात, कबूल. पण आपला त्यातला आहे का, हे रीसेट करून बघायचं नसतं.

राऊटर नुसता रीस्टार्ट करायचा असेल तर बोर्डावरचं बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि दोन-तीन मिनिटं त्याला त्याचं काम करू द्या. 'एलओएस'चा (सिग्नल येत नसल्याचा) दिवा लाल असेल तर बहुधा फायबर तुटलीय, निसटलीय किंवा फार वाकलीय. मग लॅपटॉपला हात लावू नका, तक्रार नोंदवा.

उपाय दुसरा म्हणे: "मोबाइलवर नेट चालतं आणि लॅपटॉपवर नाही, म्हणजे वायफाय कार्ड जळालं, नवीन टाका." यादीत शेजाऱ्यांच्या वायफायची नावं दिसतायत ना? मग कार्ड जिवंत आहे. फक्त आपलंच नाव दिसत नसेल तर राऊटर बहुधा फक्त ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर आहे आणि जुना लॅपटॉप फक्त २.४ ओळखतो, राऊटरमध्ये २.४ चालू करा.

नाव दिसतं, जोडलंही जातं, तरी नेट नाही? विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) टाइप करा आणि वायफायखालची आयपीव्ही४ची ओळ, म्हणजे नेटवर्कवरचा लॅपटॉपचा पत्ता, वाचा. आकडा १६९.२५४ने सुरू होत असेल तर चोर सापडला. मे २००५चं आरएफसी ३९२७ हे इंटरनेटच्या नियमांचं कागदपत्र याच पत्त्यांबद्दल आहे: दुसरा पत्ता मिळाला नाही की यंत्र या गटातला एक स्वतःच घेतं, आणि अशा पत्त्याचं माहितीचं पॅकेट राऊटरने पुढे पाठवायचंच नाही. म्हणजे राऊटरने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही. यात कार्ड कुठे जळालं?

अशा वेळी आधी वायफायचं नाव 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा टाका. मग 'आयपीकॉन्फिग /रिलीज' (ipconfig /release), त्यानंतर 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' (ipconfig /renew). तरी तेच, तर वर सांगितल्याप्रमाणे राऊटर रीस्टार्ट. शेवटी डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अ‍ॅडॅप्टर अनइन्स्टॉल करून लॅपटॉप रीस्टार्ट करा, ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, पुन्हा बसतो. त्या वेळी 'ड्रायव्हरही काढून टाका' अशी चौकट येते, तिच्यावर टिक करू नका. नेटच नसताना नवा ड्रायव्हर उतरवणार कुठून? लॅपटॉप ऑफिसचा असेल तर वायफायच्या सेटिंग्जमधली आयपीची जागाही बघा. तिथे कधी कोणी आयपी हाताने भरून ठेवलेला असतो, तो 'ऑटोमॅटिक (डीएचसीपी)' करा, म्हणजे पत्ता राऊटर देईल. घरच्या मोबाइलचा आणि लॅपटॉपचा आयपी पहिल्या तीन आकड्यांत सहसा जुळायला हवा.

तिसरा उपाय "डीएनएस ८.८.८.८ करा, नेट दुप्पट पळेल." वेग दुप्पट वगैरे काही होत नाही, डीएनएस फक्त साइटच्या नावावरून तिचा आकडा शोधून देतं. पण यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग ८.८.८.८' (ping 8.8.8.8), म्हणजे त्या आकड्याला नुसती हाक, याला उत्तर येतं आणि साइट मात्र नावाने उघडत नाही, असं असेल तर हा उपाय लागू पडतो. १६९.२५४ असताना काडीचा उपयोग नाही.

"फायरवॉल बंद करा" हा चौथा. विंडोजची फायरवॉल म्हणजे नको ती जोडणी अडवणारा पहारेकरी, आणि ती लॅपटॉपमधून बाहेर जाणारी माहिती सहसा अडवतच नाही. राहू द्या चालू.

पाचवा "शटडाऊन करून परत चालू करा." पुन्हा अर्धं खरं. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप आहे. शटडाऊन केलं तरी ड्रायव्हरसकट आतली बरीच स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि अडकलेलं तसंच परत येतं. म्हणून मेन्यूतला 'रीस्टार्ट' वापरा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: पिंगला उत्तर येतं, पण प्रत्येक साइट 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' म्हणून अडते, तर लॅपटॉपची तारीख बघा. ती चुकली की साइटची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं मुदत संपलेली किंवा अजून सुरूच न झालेली वाटतात. दुरुस्त करूनही दर वेळी मागे जात असेल, तर जुन्या लॅपटॉपमधला नाण्याएवढा सेल, बहुधा सीआर२०३२, संपलाय. तेवढा बदला.